फुल्यांची अर्पणपत्रिका, वॉल्डनचा बर्फ

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी तिथल्या सज्जनांनी जो त्याग केला, त्याचा मान म्हणून. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका माणसाने सातासमुद्रापलीकडच्या त्या घडामोडीचा अर्थ थेट आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांशी जोडला. अमेरिका हा मराठी विचाराचा विषय झाला तो असा. विद्यापीठातून नव्हे, अर्पणपत्रिकेतून.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी काळ्या माणसांची कत्तल केली. त्यांतल्या अनेकांना शरण आल्यावर मारले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७६ मध्ये दोषी ठरलेले लोकही सुटले. फुल्यांनी वंदन केले ती अमेरिका आणि कोलफॅक्सची अमेरिका, दोन्ही एकाच वर्षातल्या. अमेरिकन साहित्य आणि संस्कृती शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी या दोघींना शेजारीशेजारी बसवायला हवे. एकीकडेच पाहिले की अभ्यासाचे स्तोत्र होते, दुसरीकडेच पाहिले की आरोपपत्र.

आता या विषयाच्या वयाकडे वळू. आज इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अमेरिकन लिटरेचर’ हा पेपर शेक्सपिअरइतकाच जुना वाटतो. यादी छापून येते, तीत हॉथॉर्न असतो, व्हिटमन असतो, फ्रॉस्ट, हेमिंग्वे, मिलर असतात, आणि ही मंडळी जणू जन्मतःच यादीत होती असा समज होतो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात खुद्द अमेरिकेच्या विद्यापीठांत या विषयाला जवळपास जागाच नव्हती. शिकायचे ते ग्रीक, लॅटिन आणि फार तर इंग्लंडचे साहित्य. घरचे लेखन दिवाणखान्यात वाचायचे, त्यावर परीक्षा कसली घ्यायची, असा भाव. मुंबई विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना किती खस्ता खाव्या लागल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मनोवृत्तीचे नवल वाटणार नाही. मोझेस कॉइट टायलर यांनी १८७८ मध्ये वसाहतकाळातल्या अमेरिकन साहित्याचा इतिहास दोन खंडांत लिहिला, तेव्हा ते मोठे धाडस होते. ‘अमेरिकन लिटरेचर’ हे संशोधनाचे नियतकालिक ड्यूक विद्यापीठातून निघू लागले ते थेट १९२९ मध्ये.

हर्मन मेलव्हिलची गोष्ट या संदर्भात पुन्हापुन्हा सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. देवमाशाच्या शिकारीवरची त्याची कादंबरी ‘मोबी डिक’ १८५१ मध्ये निघाली आणि पडली. मेलव्हिलच्या हयातीत अमेरिकेत तिच्या तीन हजारांच्या आसपास प्रती खपल्या. पुढे त्याने न्यूयॉर्कच्या गोदीवर जकात खात्यात एकोणीस वर्षे निरीक्षकाची नोकरी केली. १८९१ मध्ये तो गेला तेव्हा त्याची फारशी दखलही कोणी घेतली नाही. त्याच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९१९ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातला रेमंड वीव्हर नावाचा तरुण प्राध्यापक त्याच्या नातीकडे गेला. तिने जपून ठेवलेल्या कागदांत त्याला ‘बिली बड’ या अप्रकाशित कथेचे हस्तलिखित सापडले. १९२१ मध्ये वीव्हरने लिहिलेले चरित्र आले, १९२४ मध्ये ‘बिली बड’ छापली गेली, आणि बघता बघता विसरलेला जकातवाला राष्ट्राचा महाकादंबरीकार झाला. पुस्तक तेच होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला स्वतःचे असे काही खोल, काळोखे, मोठे हवे होते. ते तिला त्या देवमाशात सापडले.

हार्वर्डच्या एफ. ओ. मथीसन यांनी १९४१ मध्ये ‘अमेरिकन रेनेसाँ’ हा ग्रंथ लिहून या सगळ्याला चौकट दिली. १८५० ते १८५५ या अवघ्या पाच-सहा वर्षांत ‘द स्कार्लेट लेटर’, ‘मोबी डिक’, ‘वॉल्डन’ आणि ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ प्रसिद्ध झाली, हे त्यांनी ठळकपणे मांडले. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. पाच माणसे, पाचही गोरी, पाचही पुरुष, आणि सगळी देशाच्या एकाच कोपऱ्यातली. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन १८४५ मध्ये आले होते आणि हातोहात खपले होते. ‘अंकल टॉम्स केबिन’ने १८५२ मध्ये विक्रीचे उच्चांक मोडले होते. या चौकटीत दोन्ही पुस्तकांना जागा नव्हती. मथीसन स्वतः डाव्या विचारांचे, लोकशाहीवर जीव असलेले गृहस्थ होते. यादी करणारा माणूस चांगला असला म्हणजे यादी पुरी होते असे नाही.

‘साहित्य आणि संस्कृती’ यातल्या ‘आणि’चीही एक हकिकत आहे. हार्वर्डमध्ये १९३६-३७ च्या सुमारास अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून पहिली डॉक्टरेट १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना मिळाली. त्यांच्या ‘व्हर्जिन लँड’ (१९५०) या पुस्तकात व्हिटमनच्या बरोबरीने दहा सेंटला मिळणाऱ्या काउबॉय-कादंबऱ्या तपासल्या गेल्या. रद्दीत जाणारा मजकूर प्रबंधात आला. तिथून पुढे सिनेमा, जाहिरात, जॅझ, बेसबॉल, वस्तूंचे कॅटलॉग असे काहीही अभ्यासाला चालू लागले.

याच सुमारास शीतयुद्ध सुरू झाले आणि विषयाला सरकारी पैसा मिळू लागला. भारतात तो कसा आला हे पाहण्याजोगे आहे. १९५१ मध्ये दुष्काळाच्या छायेत भारताने अमेरिकेकडून गहू उधार घेतला. त्या कर्जाच्या व्याजातली काही रक्कम शैक्षणिक देवघेवीसाठी राखली गेली आणि तिच्यातून भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी अमेरिकन पुस्तके घेतली गेली. म्हणजे कुठल्याशा कॉलेजच्या कपाटातल्या जाड बांधणीच्या इमर्सनच्या मुळाशी गव्हाचे पोते असू शकते! फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा भारताशी करार १९५० मध्ये झाला. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले, आणि पुढची तीसेक वर्षे मराठवाड्यापासून विदर्भापर्यंतच्या प्राध्यापकांसाठी ‘हैदराबादला जाऊन येणे’ हा पीएच.डी.चा एक ठरलेला टप्पा झाला.

मुंबईत निसीम इझिकेल यांनी १९५५ मध्ये ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. ते ज्या सांस्कृतिक संघटनेच्या भारतीय शाखेतर्फे निघे, तिच्या मूळ संस्थेला सीआयए पैसा पुरवत होती हे १९६६-६७ मध्ये उघड झाले आणि अनेकांची अडचण झाली. पण ‘क्वेस्ट’मध्ये छापून आलेले चांगले लेख त्यामुळे वाईट ठरले नाहीत. पैसा कुठून आला हे विचारावे. मजकूर मात्र वाचूनच ठरवावा. उलट दिशेचा एक व्यवहारही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली आलेल्या धान्याच्या मोबदल्यात साचलेल्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी होऊन अमेरिकन विद्यापीठांत जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. इकडच्या वाचनालयात जी कधीच निकालात निघाली, अशी काही मराठी पुस्तके तिकडच्या ग्रंथालयात शाबूत आहेत.

पण हे झाले बाहेरचे. विषय प्रत्यक्ष कसा शिकला जातो हे एका जागी थांबून पाहिलेले बरे, आणि त्यासाठी वॉल्डनच्या तळ्याइतकी चांगली जागा नाही.

हेन्री डेव्हिड थोरो मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावाजवळ या तळ्याकाठी दोन वर्षे, दोन महिने राहिला. ‘वॉल्डन’च्या शेवटाकडे हिवाळ्यातल्या तळ्याचे एक प्रकरण आहे. १८४६-४७ च्या थंडीत शंभरेक आयरिश मजूर आणि त्यांचे मुकादम रोज तिथे येत आणि करवतींनी तळ्याचा बर्फ कापून काढत. चांगल्या दिवशी हजार टन निघे, असे थोरो नोंदवतो. मग त्याची कल्पना भरारी घेते. हा बर्फ जहाजाने मद्रास, मुंबई, कलकत्त्याला जाईल आणि तिथली तहानलेली माणसे थोरोच्याच विहिरीचे पाणी पितील; तो सकाळी भगवद्गीतेत बुडतो, आणि वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळते. वर्गात हा उतारा आला की भारतीय विद्यार्थ्याचा ऊर भरून येतो आणि उत्तरपत्रिकेत ‘पूर्व-पश्चिम संगम’ असा मथळा पडतो.

संस्कृतीचा विद्यार्थी इथे थांबत नाही. तो विचारतो, बर्फ खरेच येत होता का? येत होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्याला धाडले. भुशात बांधलेला बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून आला आणि त्यातला बराचसा टिकलाही. पुढे मुंबईत आणि मद्रासला बर्फाची गोदामे झाली. चेन्नईतली ‘आइस हाउस’ची इमारत आजही उभी आहे. म्हणजे थोरोचे स्वप्न कोरडे नव्हते, त्याखाली व्यापाराची वही होती. पुढचा प्रश्न: कापणारे आयरिश का? कारण आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले होते, उपासमार सुरू होती आणि हजारो माणसे बोस्टनला उतरत होती. थोरो मजुरांशी खेळीमेळीने वागतो. त्यांच्या मजुरीच्या दराबद्दल अवाक्षर काढत नाही. मग येतो तो खरा मासला. साहित्याचा विद्यार्थी तेच प्रकरण नीट, शेवटपर्यंत वाचतो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की वॉल्डनच्या बर्फाचा तो प्रचंड ढीग बहुतांशी बाजारात गेलाच नाही. गवत आणि फळ्यांनी झाकलेला तो तिथेच पडून राहिला आणि १८४८ च्या सप्टेंबरपर्यंत वितळून बराचसा पुन्हा तळ्यात गेला. हे थोरोनेच लिहून ठेवले आहे, आणि तेही गंगेच्या त्या भरारीच्या आधी! स्वप्न रंगवण्यापूर्वीच त्याने त्याची टाचणी तयार ठेवली होती. हे कळायला बर्फाच्या व्यापाराचा इतिहास लागतो तसेच सावकाश वाचनही लागते. एकाने दुसऱ्याची रजा मंजूर करू नये.

दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. त्या स्वतः निसर्गाचे बारकावे टिपणाऱ्या लेखिका, तेव्हा जोडी जमली. अनुवादाच्या वाटेने मराठीत आलेली अमेरिका अभ्यासक्रमातल्या अमेरिकेहून वेगळी आहे, हेही सांगायला हवे. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला ‘एका कोळियाने’मध्ये मराठी बोलायला लावले, तो यादीतलाच लेखक. पण धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी निवड केली कॉनरॅड रिक्टरची. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ ही ओहायोच्या जंगलात वस्ती करणाऱ्या कुटुंबाची कहाणी जीएंनी अशा मराठीत उतरवली की अनेकांना तो अनुवाद आहे याचा विसर पडावा. रिक्टरला १९५१ मध्ये पुलित्झर मिळाले होते. आज अमेरिकन वर्गांत त्याचे नाव क्वचितच निघते, मराठी वाचकाच्या कपाटात मात्र तो सुखरूप आहे.

यादी मोडली ती विद्यार्थ्यांनी. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा प्रदीर्घ संप झाला. काळे, आशियाई, लॅटिनो, मूलनिवासी विद्यार्थी एकत्र आले आणि आमचा इतिहास, आमचे लेखन कुठे आहे असे विचारू लागले. त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळाला. मग शोध सुरू झाले. काळी कादंबरीकार झोरा नील हर्स्टन १९६० मध्ये निर्धन अवस्थेत गेली होती. फ्लोरिडातल्या तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर कंबरभर गवतातून ती कबर शोधत गेली आणि तिने दगड बसवला. हॅरिएट जेकब्जने १८६१ मध्ये टोपणनावाने लिहिलेले गुलामीचे आत्मकथन कोण्या गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी म्हणून बाजूला टाकले गेले होते. जीन फेगन येलिन यांनी जुनी पत्रे तपासून ते खरे असल्याचे सिद्ध केले आणि १९८७ मध्ये साधार आवृत्ती काढली. एमिली डिकिन्सनच्या सुमारे अठराशे कवितांपैकी हयातीत छापल्या गेल्या जेमतेम दहा. १८९० मध्ये संपादकांनी तिची विरामचिन्हे सरळ केली, यमके बसवली, शीर्षके चिकटवली. तिच्या आडव्या रेघा छापील पानावर परत आल्या त्या १९५५ च्या आवृत्तीत. गाथेच्या पाठभेदांवरून वाद घालणाऱ्या मराठी माणसाला यातली गंभीरता समजावून सांगायला नको.

याच वर्षांत मराठवाड्यात काय चालले होते? औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे होते. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या काळ्या लेखकांबद्दल इथल्या तरुणांशी बोलत होते. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. त्याहीआधी, १९४६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि डु बॉइसनी उत्तरही दिले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले ते हार्लेम या काळ्यांच्या वस्तीच्या वेशीवरच. ही देवघेव खरी आहे, कागदोपत्री आहे. पुढे मात्र पीएच.डी.च्या शीर्षकांत तिचा साचा झाला. एक दलित आत्मकथन, एक आफ्रिकन-अमेरिकन आत्मकथन, मध्ये ‘तौलनिक अभ्यास’, आणि दोनशे पानांत एवढेच की दोघांनीही सोसले. जात आणि वंश सारखे कुठे वागतात आणि कुठे मुळीच वागत नाहीत, पाणवठा आणि बसमधली मागची सीट यांत नेमका फरक काय, हे विचारणारा प्रबंध विरळा. तुलना करायची तर फरकावर बोट ठेवता आले पाहिजे.

वाद अजून संपलेले नाहीत, हेही चांगलेच आहे. ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी १८८५ मध्ये अमेरिकेत आली आणि त्याच वर्षी काँकर्डच्या, म्हणजे थोरोच्याच गावच्या, वाचनालयाने ती बाहेर काढली. कारण पोरगा उनाड आणि भाषा गावंढळ. पुढे आक्षेप बदलला. काळ्या माणसासाठीची शिवी त्यात दोनशेहून अधिक वेळा येते. २०११ मध्ये एका आवृत्तीने ती काढून ‘गुलाम’ हा शब्द घातला आणि दोन्ही बाजूंचा मार खाल्ला. २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट यांनी तीच गोष्ट पळालेल्या गुलामाच्या, जिमच्या, तोंडून ‘जेम्स’मध्ये सांगितली. तिथे जिम गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोली बोलतो आणि आपल्या माणसांत शुद्ध, तर्कशुद्ध इंग्रजी. या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. साहेबापुढे एक भाषा आणि वस्तीत दुसरी, हा खेळ मराठी वाचकाला अपरिचित नाही.

आणि काही पुस्तके वाट पाहतात, वाचणारा त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर. आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १९४९ चे. फ्रिजचे हप्ते फिटण्याआधीच फ्रिज मोडकळीस येतो, विम्याचा हप्ता तोंडावर असतो, घराचे पंचवीस वर्षांचे कर्ज संपते त्याच सुमारास घरातला माणूस संपतो. सत्तरच्या दशकात तालुक्याच्या कॉलेजात हे शिकवताना प्राध्यापकाला आधी हप्त्यावरची खरेदी समजावून सांगावी लागे. आज वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ईएमआयचा मेसेज महिन्याच्या पाच तारखेला येतो. नाटक तेच, पण आता ‘अमेरिकन स्वप्न’ या ठरावीक प्रश्नाचे गाईडमधले उत्तर लिहिण्याचे कारण उरलेले नाही. तरी ते लिहिले जाते.

शेवटी एक पुस्तक, जे या विषयाच्या यादीत सर्वांत आधी असायला हवे आणि बहुधा नसते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीनेक वर्षे अमेरिकेत राहिल्या. अमेरिकेवरच्या ग्रंथासाठी जगभर गाजलेला फ्रेंच लेखक टॉकव्हिल तिथे जेमतेम नऊ महिने होता. रमाबाईंनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिले: राज्यव्यवस्था, घरे, शाळा, बायकांच्या संघटना आणि वर्णद्वेषही. कौतुक भरपूर आहे, काही ठिकाणी जास्तच. पण ते डोळे उघडे ठेवून केलेले आहे. मीरा कोसंबींचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढला आणि तिकडचे विद्यार्थी तो वाचू लागले. इकडच्या विद्यार्थ्याला ते पुस्तक अनुवादाविना वाचता येते. त्याने तिथूनच सुरुवात करावी.